रिकाम्या बाटलीचं बीपी

आबासाहेबांच्या जीपला हैदराबादच्या भंगार बाजारातलं जपानी इंजिन बसलं, तेव्हा सोनपेठात कुणी नावं ठेवली नाहीत. त्या इंजिनाला टर्बो होता, म्हणजे इंजिनाच्या तोंडात जोरानं हवा फुंकणारी, गोगलगायीच्या आकाराची एक लोखंडी वस्तू होती. तिलाही कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली ती मीटरला.

हा मीटर इंजिनाबरोबर आलेला नव्हता. पुतण्या सुग्रीवनं तो त्याच बाजारातून वेगळा शोधून आणला आणि स्टिअरिंगच्या शेजारी स्क्रू मारून बसवला. काळी तबकडी, पांढरे आकडे, लाल काटा. टर्बो किती जोरानं हवा फुंकतो ते दाखवणं एवढंच त्याचं काम. ते कळून आबासाहेबांना काय करायचं होतं, हे विचारण्यात अर्थ नाही. गरजेच्या वस्तू कुणाच्याही घरात असतात. माणूस मातब्बर ठरतो तो बिनगरजेच्या वस्तूवरून, आणि अशी वस्तू परभणी जिल्ह्यात दुसरी नव्हती. आबासाहेब पुढच्या सीटवर बसत, रस्त्याकडं न बघता काट्याकडं बघत, आणि मागं बसलेल्या पाहुण्याला सांगत, "बगा, बगा, आता चढायलाय."

एकदा मागं आप्पाराव बसले होते. आप्पाराव म्हणजे शेजारच्या शिवाराचे मालक, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आणि आबासाहेबांचे जुने स्नेही. म्हणजे दोघांचं एकमेकांच्या बऱ्यावर बारीक लक्ष असे. ते काही वेळ काट्याकडं बघत राहिले. मग बाजारवेशीतल्या हॉटेलासमोर, चार माणसांच्या देखत उतरताना म्हणाले,

"आबासाहेब, एक इचारू का? त्यो काटा इंजनावर हलतो का रस्त्यातल्या खड्ड्यावर?"

हॉटेलातली माणसं हसली.

ही साधी गोष्ट नव्हती. गेली चार वर्षं सोनपेठात आबासाहेबांच्या तोंडावर कुणी हसलेलं नव्हतं, कारण आबासाहेबांना बीपी होतं. नागनाथ डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, "यांना मीठ नाही, लोणचं नाही, आणि मुख्य म्हणजे यांच्या मनाविरुद्ध काही होऊ द्यायचं नाही." तेव्हापासून आबासाहेब अळणी वरण जेवत होते, पण त्या वरणाच्या बदल्यात त्यांचा शब्द घरात आणि गावात कुणी खाली पडू देत नव्हतं. त्यांनी 'पाऊस येणार' म्हटलं की केशरबाई वाळवण उचलत. मेहुणा भुजंग याला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसायची आणि ती तो बोलून दाखवायचा. त्याचं येणं-जाणं लोणच्यासारखं बंद करण्यात आलं होतं. सोसायटीच्या चेअरमनपदी आबासाहेब बिनविरोध होते. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लोक हसले. आबासाहेबांना त्या रात्री अळणी वरण जास्तच अळणी लागलं.

"सुग्र्या," ते म्हणाले, "मीटर खरा हाय हे गावाला दावायचं."

"आवं आबा, जपानी हाय. त्याला काय दावायचं?"

"जपानी हाय म्हनूनच दावायचं. देशी आसता तर लोकांनी तसाच मानला आसता."

पहिली परीक्षा मुंजाजीच्या पंक्चरच्या दुकानात झाली. मुंजाजीकडं हवा मोजायचा गेज होता, पण तो ट्रकच्या चाकांसाठी. नळीला नळी जोडून मुंजाजीनं हवा सोडली. आबासाहेबांच्या मीटरचा काटा टुणकन उडून शेवटाला जाऊन थडकला आणि मुंजाजीचा जागचा हलला नाही.

"तुजा काटा काहून हलंना रे?"

"आबा, ह्यो वीसच्या खाली काम करत न्हाई. लहान हवा त्याला मोजायची सवय न्हाई. आजून सोडू का?"

"नको, नको! फुटंल!" सुग्रीव ओरडला आणि त्यानं मीटर पोटाशी धरला.

ही बातमी बाजारवेशीपर्यंत जाताना थोडी बदलली. तिथं पोचली तेव्हा ती अशी होती, की आबासाहेबांचा मीटर पंक्चरच्या दुकानात नापास झाला.

तेव्हा चंद्रभान सर पुढं आले. हायस्कूलात ते विज्ञान शिकवत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तबकडी डोळ्यांशी धरली आणि डाव्या अंगाला असलेल्या एका बारीक खुणेवर बोट ठेवलं. "ही खूण पाऱ्याची. म्हंजे ह्याची परीक्षा पाऱ्यावर पायजे. तसं यंत्र परभणीला कॉलेजात आसंल."

"परभणीला जायचं?" आबासाहेब म्हणाले. "तितं आमाला कोन वळखतं? खरा निघाला तरी बगायला कोन हाय?"

"मग आपल्या नागनाथ डॉक्टरकडं हाय की."

"बीपीचं मशीन?"

"दाब त्यो दाब, आबासाहेब. रगताचा काय आन् हवेचा काय."

आबासाहेबांना हे फार पटलं. ज्या मशीननं आपल्याला मोठं केलं तेच आता आपल्या मीटरला मोठं करील, यात त्यांना न्याय दिसला.

नागनाथ डॉक्टरांचा दवाखाना बाजारपेठेतच होता. डॉक्टर माणूस बघून इलाज करत. मजूर आला की सुई, मातब्बर आला की बीपीचा पट्टा. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाचा दंड त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता. त्याचं दुखणं त्याच्या चालण्यावरूनच कळतं, असं ते म्हणत. उलट चेअरमन, सरपंच, अध्यक्ष, हेडमास्तर यांच्यासाठी ते कपाटातून ती लांबट पेटी काढत, झाकण उघडत, पट्टा बांधत, रबराचा फुगा दाबत, आणि पारा वर चढला की त्यांच्या कपाळावर अशी काही आठी पडे की बघणाऱ्याला आपण किती महत्त्वाचे आहोत ते कळे.

परीक्षेसाठी बाजाराचा दिवस धरला, म्हणजे साक्षीदार बोलवावे लागू नयेत. डॉक्टरांच्या टेबलाभोवती आबासाहेब, आप्पाराव, चंद्रभान सर आणि सरपंच बसले. खिडकीच्या गजांना बाहेरून बाजारकरी लोंबकळत होते. डॉक्टरांनी सलाइनच्या नळीचा दुतोंडी सांधा काढून दिला. सुग्रीवनं एका तोंडाला मीटर जोडला, दुसऱ्याला पाऱ्याची पेटी. पट्टा कुणाच्या दंडाला बांधायचा यावर थोडी चर्चा झाली, आणि वाद नको म्हणून तो सलाइनच्या रिकाम्या बाटलीला बांधण्यात आला.

डॉक्टर फुगा दाबू लागले. पेटीत पारा चढला. मीटरचा लाल काटाही उठला.

"चढला! चढला!" खिडकीतून गलका झाला.

आबासाहेबांनी मिशीला हात लावला. "काय आप्पाराव? हितं कुटला खड्डा हाय?"

"चढायला काय, महागाईबी चढती," आप्पाराव म्हणाले. "उतरू द्या की."

डॉक्टरांनी चावी ढिली केली. फुस्स करून हवा गेली. मीटरचा काटा खाली आला आणि शून्यावर टेकला. पाराही खाली आला. पण येता येता तिसाच्या आकड्यावर थांबला. खालच्या आकड्यांवर औषधाची चिकटपट्टी लावलेली होती. तिच्या वरच्या काठाशी पारा असा उभा राहिला, जणू पुढं जायला त्याला कुणी मनाई केली होती.

"हवा राहिली असेल," म्हणत डॉक्टरांनी पट्टा दाबला. पारा तीस. बाटली काढून पट्टा पिळला. तीस. शेवटी त्यांनी नळीच उपसून काढली. तीस.

खिडकीतला एक बाजारकरी मान आत घालून बघत होता. तो मागच्यांना ओरडून म्हणाला, "बाटलीला बीपी हाय रे!"

बाहेर जे हसू फुटलं ते पार मिरचीच्या ढिगापर्यंत गेलं.

डॉक्टर गंभीर झाले. "यात हसण्यासारखं काही नाही. हवेलाही वजन असतं. शास्त्र आहे ते. हा जो तीस दिसतो, तो आपल्या सोनपेठच्या हवेचा दाब आहे."

"मग आबासाहेबांच्या मीटरला ती हवा काहून लागंना?" आप्पारावांनी विचारलं.

"तो जपानी आहे. त्याला तिकडच्या हवेची सवय."

हे उत्तर आप्पारावांना आवडलं आणि आबासाहेबांना आवडलं नाही. ते काही बोलणार एवढ्यात सुग्रीवनं नखानं ती चिकटपट्टी उचकटली. खाली वीस होतं, दहा होतं, शून्य होतं, आणि या सगळ्यांच्या पुढं पाऱ्याचा खांब ठाण मांडून उभा होता.

"डॉक्टर," चंद्रभान सर हळूच म्हणाले, "ह्याच्यात पारा जास्तीचा हाय."

मग डॉक्टरांनी सांगितलं ते असं: चार वर्षांमागं पेटी टेबलावरून पडली, पारा फरशीवर सांडला आणि गोळ्या गोळ्या होऊन मोरीत गेला. तेव्हा त्यांनी सराफाकडून पारा आणून स्वतः भरला. "कमी पडू नये म्हणून जरा हात सैल सोडला," ते म्हणाले. "आणि पेटीला खाली तडा होता, म्हणून पट्टी लावली. दवाखान्याच्या वस्तूला डाग बरा दिसत नाही."

आबासाहेबांनी पाऱ्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, मागल्या खेपेला माजं किती होतं?"

"एकशे पन्नास."

"त्यातलं तीस ह्या पेटीचं?"

"तसं अगदी म्हणता येणार नाही..."

"एकशे वीस," चंद्रभान सर म्हणाले. "आबासाहेब, हे तर आमच्या दहावीतल्या पोराचं बीपी हाय."

सगळे वजाबाकी करत होते. सरपंच बोटांवर, आप्पाराव ओठांत, चंद्रभान सर मनात. सोनपेठच्या मातब्बर मंडळींनी त्या दिवशी दवाखान्यात जेवढी वजाबाकी केली, तेवढी सोसायटीच्या हिशोबातही कधी झाली नव्हती. आणि ज्याची त्याची उरलेली रक्कम निरोगी माणसाची येत होती.

आबासाहेबांनी टेबलावर हात मारला. "मीटर खरा!" ते गरजले. मग त्यांना त्याहून मोठी गोष्ट सुचली. "लोणचं!"

घरी केशरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी ठेचा वाटला, खाराचं लोणचं काढलं, वांग्याच्या भाजीत हात न आखडता मीठ घातलं. आबासाहेब जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं ठेच्याचं, बाकीचं चार वर्षांचं. केशरबाई समोर पाट ओढून बसल्या.

"आता तुमाला बीपी न्हाई, व्हय ना?"

"न्हाई. कवाच नव्हतं."

"रागंबिगं भरलं तर काई व्हनार न्हाई?"

"काय व्हनार? एकशे वीस हाय माजं."

"मग सांगते आता," केशरबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा केला. "खालच्या हिरीची मोटार जळाली त्याला दोन साल झाले."

आबासाहेबांचा घास हातात राहिला. "मग भुईमुगाला पानी कुटलं?"

"आप्परावांच्या हिरीचं. त्यांच्या घरच्या कमलबाईला सांगून घेतलं. तुमाला सांगितलं न्हाई, बीपी होतं."

आबासाहेबांना आठवलं, गेल्या सालीच आपण आप्पारावांना बांधावर उभं करून सांगितलं होतं, की आमच्या विहिरीसारखं पाणी तुमच्या विहिरीला जन्मात लागणार नाही. आप्पाराव तेव्हा नुसते पाण्याकडं बघत होते.

"आन् सुग्रीव बीए झाला न्हाई. पैल्या वर्षालाच हाय."

"आगं, आपुन पेढे वाटले की!"

"तुमीच वाटले. आमी कुटं वाटले?"

सुग्रीव दारात उभा होता, तो गोठ्यात काही आवाज झाल्यासारखं करून निघून गेला.

"आन् सोसायटीचं," केशरबाई लोणच्याची फोड वाढत म्हणाल्या. "तुमी बिनइरोध आलात ते काई लोकायला तुमी हवे होतात म्हनून न्हाई. आप्परावांनी फारम भरला होता. तुमी पडलात तर बीपीनं जागीच जाताल, आसं डॉक्टर मनले. मग कमलबाईनं त्यांना सपथ घातली आन् फारम मागं घ्यायला लावला. आता फुडल्या महिन्यात निवडनूक हाय. या बारीला भरतेत मनं."

"आजून हाय का काई?"

"हाय की. चार सालाचं हाय. भाकर घ्या आदी."

आबासाहेबांनी त्या रात्री पोटभर मीठ खाल्लं, पण त्यांना झोप आली नाही. ज्या शब्दाला आपण वजन समजत होतो, ते सराफाकडचा जास्तीचा पारा होता, हे उताणं पडून कळणं फार वाईट.

सकाळी ओसरीवर आप्पाराव हजर. गळ्यात उपरणं, तोंडावर रात्रभराच्या जागरणाची सूज. ते बसले, उठले, पुन्हा बसले.

"आबासाहेब, आमच्या घरला काल चटणी-मीठ सुरू झालं."

"मग?"

"मग काय! कमलबाईनं दिवेलागनीला जे तोंड उघडलंय, ते मी निगालो तवाबी चालूच होतं. आवं, माजी निम्मी बैलं माज्या गोठ्यात न्हाईत! मेव्हन्याकडं हायेत! मी रोज कुनाच्या पाठीवर हात फिरवीत होतो, मला कळंना झालंय."

"निवडनुकीला फारम भरनार मनं तुमी?"

"भरनार होतो," आप्पाराव म्हणाले. "पर देवस्थान कमिटीत आता माज्या इरुद्ध चौघं हुबे ऱ्हायलेत. कालच्याला. एका रातीत, आबासाहेब! इतके दिस कुनी ब्र काढला न्हाई."

तेवढ्यात चंद्रभान सर सायकल भिंतीला लावून आले. त्यांचं दुःख सरकारी होतं. बीपीच्या दाखल्यावर ते शिरगणतीच्या कामातून सुटले होते, आता निवडणुकीचं काम आलं होतं आणि हेडमास्तरांनी सकाळीच विचारलं होतं, "सर, तुमचं बीपी बाटलीएवढंच होतं म्हणे?" त्यांच्या मागोमाग नागनाथ डॉक्टर आले. बाजारपेठेतून येताना पोरं त्यांना रिकाम्या बाटल्या दाखवत होती.

चौघं ओसरीवर बसले. शेवटी आप्पारावच म्हणाले, "आबासाहेब, मी पैल्यापासून काय मनत होतो?"

"काय?"

"मीटर खोटा हाय."

आबासाहेब उठून उभे राहिले. ज्या मीटरसाठी त्यांनी पंक्चरच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत वारी केली, जो सगळ्या बाजारासमोर खरा ठरला, त्याला आता आपल्याच तोंडानं खोटं म्हणायचं? त्यांनी अंगणातल्या जीपकडं पाहिलं. मग आतून केशरबाईंचा आवाज आला, त्या सुग्रीवला म्हणत होत्या, "थांब, ह्यांना आजून शेळ्यांचं सांगायचं ऱ्हायलंय." आबासाहेब खाली बसले. इज्जत गेली तर माणूस ती पुन्हा कमावतो. बीपी एकदा गेलं तर ते कुठून आणायचं?

"खोटाच हाय," ते म्हणाले. "भंगारातला त्यो. त्याच्यावर काय इस्वास ठिवायचा?"

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "मी नवीन पट्टी लावतो. जाड."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर चंद्रभान सरांनी गावाला शास्त्रीय खुलासा दिला. जपान हे बेट आहे, बेटावरची हवा दमट, दमट हवेत वाढलेली स्प्रिंग मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात आखडते, आणि आखडलेला काटा शून्य दाखवतो; ते शून्य खरं शून्य नसतं, असं त्यांनी सांगितलं. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळं सगळ्यांना पटलं. आबासाहेबांनी उभं राहून जाहीर केलं, की मीटर खोटा, डॉक्टरांचं मशीन खरं, आणि ज्याला जेवढं बीपी पूर्वी होतं तेवढं त्याला आजही आहे. माणसं गंभीर चेहऱ्यानं घरी गेली. कमिटीतल्या चौघांनी दुसऱ्या दिवशी आप्पारावांना भेटून तब्येतीची चौकशी केली.

केशरबाईंनी हेही शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी भाजीतलं मीठ कमी केलं नाही की लोणच्याची बरणी हलवली नाही, फक्त विचारलं, "मीटर खोटा निगाला का?"

"शंभर टक्के."

"आन् डॉक्टरचं मशीन?"

"त्याला तोड न्हाई."

"मग खंडित वस्तू घरात ठिवू न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "फुटलेला देवबी आपुन गंगेत सोडतो. ह्योबी सोडून या."

आबासाहेबांना ही गोष्ट मनापासून पटली. पुरावा घरात असण्यापेक्षा गोदावरीत असलेला बरा. त्यांनी आप्पारावांना सोबत घेतलं. गंगाखेडच्या पुलावर जीप थांबवून सुग्रीवनं डोळे पुसत स्क्रू काढले, आप्पारावांनी नारळ फोडला, आणि हैदराबादेहून आणलेला जपानी काटा गंगार्पण झाला. त्या रात्री आबासाहेबांनी हौसेनं अळणी वरण मागून घेतलं. शेळ्यांचा विषय निघाला नाही.

पुढच्या बाजाराला केशरबाई म्हणाल्या, "मला जरा दवाखान्यात न्या. गरगरायलंय."

आबासाहेब त्यांना घेऊन गेले. दवाखान्यात आप्पाराव, सरपंच आणि चंद्रभान सर आपापलं बीपी पक्कं करून घ्यायला आधीच बसलेले होते. जाड पट्टीमागं पारा मुकाट उभा होता. डॉक्टर सुई उकळायला ठेवू लागले.

"सुई नको," केशरबाई म्हणाल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. बांगड्या मागं सारून त्यांनी दंड टेबलावर ठेवला. "पट्टा बांधा."

त्या खुर्चीत आजवर बाई बसलेली नव्हती. डॉक्टरांनी आबासाहेबांकडं पाहिलं. "वहिनी, तुम्हाला कशाला बीपी? ते काय असं..."

"मशीन खरं हाय ना?"

डॉक्टरांनी आप्पारावांकडं पाहिलं, आप्पारावांनी सरपंचांकडं, सरपंचांनी चंद्रभान सरांकडं. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांनीच होकाराची मान हलवली.

"मग बांधा की."

डॉक्टरांनी पट्टा बांधला. पारा चढला, थांबला, उतरला. बराच वेळ त्यांनी कानातली नळी काढलीच नाही.

"किती हाय?"

"एकशे साठ."

"ह्यांच्यापरीस जास्त?"

"दहानं."

"मग परहेज काय?"

"मीठ... मीठ कमी."

"आन्?"

डॉक्टर कपाळ पुसू लागले.

"मोठ्यानं सांगा, डॉक्टर. ह्यांना आइकू जाऊ द्या."

"मनाविरुद्ध काही होऊ द्यायचं नाही," डॉक्टर भिंतीकडं बघत म्हणाले.

केशरबाईंनी मान डोलावली, पट्टा स्वतःच सोडला आणि पदर खांद्यावर घेतला. "माज्या मनात हाय की सोसायटीचा फारम या बारीला मी भरावा. निम्मी जमीन माज्याच नावावर हाय, शिलिंगाच्या वक्ताला सरकारात जाऊ नये म्हनून तुमीच केलेली. मेंबर हायच मी. बिनइरोधच यीन मनते. कुनी हुबं ऱ्हायलं तर माजं काय व्हईल, ते डॉक्टर सांगतीलच."

आबासाहेबांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी चार वर्षांच्या सवयीनं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली.

केशरबाई उठल्या तशा दाराबाहेरून कमलबाई आत आल्या आणि बांगड्या मागं सारत त्याच खुर्चीत बसल्या. त्यांच्या मागं सरपंचांची मालकीण होती. तिच्या मागं पायरीवर आणखी काही जणी डोक्यावर पदर घेऊन, न बोलता, रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरांनी फुगा हातात घेतला.

आप्पाराव बाकावरून सरकत आबासाहेबांच्या अगदी कानाशी आले.

"आबासाहेब," ते कुजबुजले, "पुलाखाली गंगेला आता पानी किती आसंल वो?"

"उन्हाळा हाय," आबासाहेब म्हणाले. "लय तर कमरंएवढं." आणि दोघंही एकदमच सुग्रीवला हाका मारत उठले.